इलेक्ट्रोडभोवतीचं वर्तुळ : कॉर्टेक्समधल्या उद्दीपनाच्या मॉडेलच्या नोंदी

६ जानेवारी

काम नेमकं काय आहे ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे वाद नको. यांत्रिक हाताला स्पर्शाची जाणीव द्यायची आहे. हात वापरणाऱ्या माणसाच्या मेंदूत, स्पर्शाच्या कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या बाहेरच्या थराच्या स्पर्श ओळखणाऱ्या भागात), बारीक सुयांचा संच बसलेला असेल. संच युटा ॲरे जातीचा, १० × १० सुयांचा, दोन सुयांमधलं अंतर ४०० मायक्रॉन. कृत्रिम बोटाच्या सेन्सरला दाब कळला की त्या बोटाच्या वाट्याच्या सुईतून विजेचे पल्स सुटतील आणि बोटाला काहीतरी लागल्याचं माणसाला जाणवेल. ही नुसती कल्पना नाही. मानेत मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसात पिट्सबर्ग विद्यापीठाच्या गटाने हे २०१६ साली करून दाखवलं आहे.

आमच्याकडे आलेला प्रश्न त्यातला छोटासा तुकडा आहे. एका सुईतून अमुक इतका प्रवाह सोडला तर कोणत्या चेतापेशी फायर होतात, म्हणजे स्वतःचा विजेचा स्पंद सोडतात, आणि शेजारच्या सुईच्या पेशी त्यात कितपत मिसळतात? इलेक्ट्रोड बनवणाऱ्या गटाला उत्तर एका विशिष्ट रूपात हवं आहे : प्रत्येक सुईभोवती एक वर्तुळ, आणि प्रवाहानुसार त्याची त्रिज्या. वर्तुळं एकमेकांना शिवत नसतील तर सुया वेगळ्या, शिवत असतील तर अंतर वाढवायचं. मागणी समजण्यासारखी आहे. तिचं उत्तर देता येईल का, याबद्दल मात्र आत्तापासूनच शंका आहे.

पल्सचा आकार पिट्सबर्गच्या प्रयोगातलाच घेतला : आधी २०० मायक्रोसेकंद ऋण, मग १०० मायक्रोसेकंद विश्रांती, मग निम्म्या उंचीचा ४०० मायक्रोसेकंद धन. आत गेलेला विद्युतभार तेवढाच बाहेर येतो, त्यामुळे इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर भार साठत नाही.

९ जानेवारी

विद्युतक्षेत्राचा भाग. बरेच जण इथे फायनाइट एलिमेंटचा मोठा मेश (ऊतकाचे बारीक तुकडे पाडून संगणकाने क्षेत्र काढायची जाळी) काढून बसतात आणि चित्रं सुरेख येतात. मी सध्या तो मोह टाळतो आहे. कॉर्टेक्सचा करडा भाग सगळ्या दिशांना जवळजवळ सारखाच वाहक असतो आणि आपल्या सुईचं उघडं टोक अगदी लहान असतं. टोकापासून थोडं दूर गेलं की बिंदूस्रोताचं साधं सूत्र पुरतं : विभव म्हणजे प्रवाह भागिले ४ × पाय × वाहकता × अंतर. वाहकता दर मीटरला ०.३ सीमेन्स धरली, तर १० मायक्रोअँपियरला १०० मायक्रॉनवर विभव येतो सुमारे २६.५ मिलिव्होल्ट. मेश काढून या आकड्यात पडणारा फरक, वाहकतेच्या आकड्यातच जी अनिश्चितता आहे तिच्यापुढे किरकोळ ठरेल.

मेंदूच्या पृष्ठभागावर ठेवायच्या इलेक्ट्रोडला मात्र हे चालणार नाही. तिथे मेंदूभोवतीचा द्रव येतो, त्याची वाहकता करड्या भागाच्या कितीतरी पट, जवळपास १.८ सीमेन्स दर मीटर. बराचसा प्रवाह त्या सोप्या वाटेने निघून जातो. तशा कामाला मेश लागणारच.

आणखी एक गृहीतक : ऊतक म्हणजे निव्वळ रोधक, त्याची धारकता धरायची नाही, प्रत्येक क्षणाचं क्षेत्र त्या क्षणाच्या प्रवाहावरून काढायचं. २०० मायक्रोसेकंदांच्या पल्सना हे पुरेसं बरोबर आहे. आणि आपलं उपकरण प्रवाह नियंत्रित करतं, व्होल्टेज नाही. त्यामुळे सुईभोवती पातळ व्रण जमून रोध वाढला तरी पलीकडचं क्षेत्र फारसं बदलत नाही, फक्त उपकरणाला जास्त जोर लावावा लागतो.

१३ जानेवारी

आज फक्त कागद आणि पेन. या प्रकल्पाचं सगळं मर्म इथे आहे असं मला वाटतं.

चेतापेशीच्या बाहेर किती मिलिव्होल्ट आहेत यावर ती फायर होणं अवलंबून नसतं. लांब ॲक्सॉनच्या, म्हणजे पेशीतून निघून संदेश पुढे नेणाऱ्या तंतूच्या, भोवती सगळीकडे सारखाच विभव असेल तर त्याला काहीच कळणार नाही. ॲक्सॉनच्या लांबीवर विभव सारख्या उताराने बदलत गेला तरी मधल्या भागाला फरक पडत नाही, कारण एका बाजूने जेवढा प्रवाह आत येतो तेवढाच दुसऱ्या बाजूने निघून जातो. परिणाम होतो तो उतारच बदलतो तिथे. गणिताच्या भाषेत, ॲक्सॉनच्या दिशेने घेतलेलं विभवाचं दुसरं अवकलन. फ्रांक राटाय यांनी १९८६ साली याला सक्रियण फलन म्हटलं. तंतूची टोकं आणि वळणं मात्र वेगळी : तिथे प्रवाहाला पुढे जायला वाट नसते किंवा तिची दिशा बदलते, म्हणून तिथे साधा उतारही पुरतो.

सरळ ॲक्सॉन सुईपासून अंतर ठेवून जातो असं धरलं. ऋण प्रवाहात सुईच्या अगदी समोरचा भाग उत्तेजित होतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे भाग उलटे दाबले जातात. सीमा कुठे? त्या अंतराच्या ०.७१ पटीवर. बाजूच्या दाबाची कमाल येते १.२२ पटीवर आणि तिची उंची मधल्या शिखराच्या फक्त एक पंचमांश. आता प्रवाहाचं चिन्ह उलटं करा. मधला भाग दाबला जातो, बाजूचे उत्तेजित होतात, पण पाचपट कमी जोराने. म्हणजे धन पल्सने तोच ॲक्सॉन फायर करायला साधारण पाचपट प्रवाह लागावा. जेम्स रँक यांनी १९७५ साली मज्जासंस्थेतल्या उद्दीपनाच्या प्रयोगांचा जो आढावा घेतला, त्यातलं चित्र याच पट्टीतलं आहे. दोन ओळींच्या गणितातून इतकं हाताला लागतं, तेव्हा थेट सिम्युलेशन सुरू करणाऱ्यांची मला गंमत वाटते.

आता वर्तुळाचा प्रश्न. स्रोताच्या बाहेर विभव लाप्लासचं समीकरण पाळतो : तीन परस्परलंब दिशांतल्या दुसऱ्या अवकलनांची बेरीज शून्य. म्हणजे ऊतकातला कोणताही बिंदू घ्या, तिथून एका दिशेने जाणारा ॲक्सॉन उत्तेजित होत असेल तर दुसऱ्या कुठल्यातरी दिशेने जाणारा दाबला जात असणारच. बिंदूस्रोताला हे अगदी स्वच्छ दिसतं : सुईकडे तोंड करून येणाऱ्या ॲक्सॉनसाठी मूल्य एका चिन्हाचं आणि दुप्पट, आडव्या जाणाऱ्या दोन्ही दिशांसाठी उलट चिन्हाचं आणि एकपट. ‘या जागी ऊतक उत्तेजित होतं’ हे वाक्य ॲक्सॉनची दिशा सांगितल्याशिवाय अपुरं आहे. मग वर्तुळ कशाचं काढायचं?

१६ जानेवारी

पेशींचं मॉडेल. सिम्युलेटर ‘न्यूरॉन’, येल विद्यापीठातल्या मायकल हाइन्स यांनी सुरू केलेला, या क्षेत्रात सर्रास वापरला जाणारा. गोंधळ नको म्हणून या नोंदींत पेशीला चेतापेशी म्हणतो आणि सॉफ्टवेअरला न्यूरॉन.

नव्याने येणाऱ्यांसाठी तीन गोष्टी टिपून ठेवतो.

पहिली, तापमान. न्यूरॉनमध्ये काही न सांगता ६.३ अंश सेल्सियस धरलेलं असतं, कारण हॉजकिन आणि हक्स्ले यांनी १९५२ साली स्क्विडच्या महाकाय ॲक्सॉनवरून बांधलेली समीकरणं त्या तापमानाची आहेत. ती तशीच्या तशी ३७ अंशांवर नेली तर पेशीच्या पटलातल्या आयन-वाहिन्यांचा वेग सुमारे २९ पट होतो आणि स्पंद इतका आखूड होतो की पुढे सरकेलच याची खात्री राहत नाही. सस्तन प्राण्यांच्या ॲक्सॉनसाठी वेगळी मॉडेलं आहेत, ती घ्यावीत. मायलिन (तंतूवरचं चरबीचं विद्युतरोधक वेष्टण) असलेल्या तंतूंसाठी मॅकइंटायर, रिचर्डसन आणि ग्रिल यांचं २००२ सालचं मॉडेल, आणि फांद्यांसकट पूर्ण कॉर्टिकल पेशींसाठी अबेरा, पीटरचेव्ह आणि ग्रिल यांची २०१८ सालची, सगळ्यांना वापरायला खुली असलेली मॉडेलं.

दुसरी, तुकड्यांची लांबी. गणितासाठी पेशी छोट्या तुकड्यांत तोडतात. पेशीच्या स्वतःच्या विद्युत लांबीवरून तुकडे पाडायचा न्यूरॉनचा नियम चांगला आहे, पण बाहेरून क्षेत्र लावताना तो पुरत नाही. सुई ३० मायक्रॉनवर असेल तर क्षेत्र तेवढ्याच लांबीत पालटतं. तुकडे त्याहून बरेच लहान हवेत, नाहीतर ते शिखर दोन तुकड्यांच्या मधल्या फटीत हरवतं.

तिसरी, काळाची पायरी. न काही सांगता ०.०२५ मिलिसेकंद असते, म्हणजे आपल्या ऋण पल्सला जेमतेम आठ पायऱ्या. ०.००५ वर आणली.

२१ जानेवारी

पहिल्यांदा पूर्ण फांद्या असलेल्या पेशी सुईभोवती मांडल्या आणि प्रत्येकीचा थ्रेशोल्ड, म्हणजे तिला फायर करायला जेमतेम पुरणारा प्रवाह, काढला. हे काम कंटाळवाणं असलं तरी निकालाचा आलेख पाहण्यासारखा आहे.

आडव्या अक्षावर पेशीकायेचं (पेशीच्या मुख्य भागाचं) सुईपासूनचं अंतर, उभ्या अक्षावर थ्रेशोल्ड. रेषा मिळायला हवी होती, मिळाला ढग. सुईला जवळजवळ चिकटलेल्या पेशींमध्येही काही अशा की कमी प्रवाहाला ढिम्म हलत नाहीत, आणि बऱ्याच लांबच्या काही पेशी चटकन फायर होतात. तोच ढग, आडव्या अक्षावर पेशीकायेऐवजी ‘ॲक्सॉनच्या सर्वांत जवळच्या नोडचं अंतर’ (नोड म्हणजे मायलिनमधली उघडी फट) घेऊन पुन्हा काढला की बराच आकसतो. स्पंद कुठे सुरू झाला ते प्रत्येक वेळी पाहिलं, तर तो बहुतेकदा ॲक्सॉनवर, त्यातही फांद्यांच्या टोकांवर आणि नोडवर सुरू होतो. पेशीकायेपर्यंत तो उलटा चालत येतो.

अंतराच्या हिशेबाने हे पटतं. मायलिन असलेल्या ॲक्सॉनमध्ये दोन नोडमधलं अंतर त्याच्या जाडीच्या साधारण शंभरपट. १ मायक्रॉन जाडीच्या तंतूचे नोड १०० मायक्रॉनच्या आसपास. सुई नोडसमोर येते का दोन नोडच्या बरोबर मध्ये येते, हा निव्वळ योगायोग. पण सुईपासून ५० मायक्रॉनवरून जाणाऱ्या तंतूसाठी हाच योगायोग थ्रेशोल्ड ठरवतो.

मग जुने निबंध पुन्हा काढले. स्टोनी, थॉम्पसन आणि असानुमा यांनी १९६८ साली मांजराच्या कॉर्टेक्समध्ये मोजून नियम दिला होता की थ्रेशोल्ड प्रवाह अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यातला नेहमी उद्धृत होणारा गुणक दर चौरस मिलिमीटरला १२९२ मायक्रोअँपियर. त्यावरून १० मायक्रोअँपियरची त्रिज्या येते ८८ मायक्रॉन, १०० मायक्रोअँपियरची २७८ मायक्रॉन. इलेक्ट्रोड गटाच्या डोक्यातलं वर्तुळ इथूनच आलेलं आहे. उलट हिस्टेड, बोनिन आणि रीड यांनी २००९ साली दोन फोटॉनांच्या सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिलं, तेव्हा कमी प्रवाहातही विरळ आणि दूरवर विखुरलेल्या पेशी उजळल्या. प्रवाह वाढवल्यावर विस्तार फुगण्यापेक्षा त्याच विस्तारातल्या पेशी दाट होत गेल्या.

हे दोन निकाल एकमेकांच्या विरुद्ध म्हणून मांडायची पद्धत आहे. आमच्या ढगात दोन्ही बसतात. एकाच पेशीजवळ सुई पुढेमागे करत मोजलं तर वर्गाचा नियम दिसतो. सुई स्थिर ठेवून ‘कोणकोण फायर झालं’ असं विचारलं तर विखुरलेल्या पेशी दिसतात. स्टोनींनी पहिला प्रश्न विचारला होता. कृत्रिम हाताला दुसरा लागतो.

२३ जानेवारी

इलेक्ट्रोड गटाबरोबर बैठक. ढग दाखवला. त्यांच्या प्रमुख बाई शांतपणे ऐकून म्हणाल्या, “हे सगळं मान्य, पण मला ड्रॉइंगवर काहीतरी लिहायचंय. सरासरी त्रिज्या लिहू का?”

मी नाही म्हटलं. सरासरी त्रिज्येच्या आत बहुसंख्य पेशी शांत असतील आणि फायर झालेल्यांपैकी बऱ्याच बाहेर असतील, तर त्या आकड्यावरून सुयांमधलं अंतर ठरवणं म्हणजे काहीच न ठरवण्यासारखं आहे. शिवाय वर्तुळाला मध्ये भोकही पडतं : प्रवाह खूप वाढला की अगदी जवळच्या तंतूंत बाजूचे दाबलेले भाग इतके जोरात दाबले जातात की मध्ये सुरू झालेला स्पंद त्यांना ओलांडून जात नाही. मॉडेलमध्ये हे स्पष्ट दिसतं.

त्यांचं म्हणणंही खोटं नाही. यंत्र बनवायचं तर कुठेतरी आकडा लागतोच. आकडा कोणत्या रूपात द्यायचा हे ठरवायला वेळ मागून घेतला.

२८ जानेवारी

पल्सची रुंदी. जॉर्ज वाइस यांनी १९०१ साली सांगितलेलं सूत्र अजून चालतं : लागणारा विद्युतभार म्हणजे किमान प्रवाह गुणिले (पल्सची रुंदी अधिक क्रोनॅक्सी). किमान प्रवाह म्हणजे खूप रुंद पल्सला पुरणारा प्रवाह, आणि क्रोनॅक्सी म्हणजे त्याच्या दुप्पट प्रवाहाला लागणारी रुंदी. क्रोनॅक्सी २०० मायक्रोसेकंद धरली तर २०० च्या पल्सला किमान प्रवाहाच्या दुप्पट प्रवाह लागतो, १०० च्या पल्सला तिप्पट. प्रवाह दीडपट झाला, पण भार एक चतुर्थांशाने कमी. इलेक्ट्रोड आणि ऊतक दोन्हींना भार कमी असलेला बरा, आणि रुंदी कमी केली की ॲक्सॉन व पेशीकाया यांच्यातला फरकही वाढतो.

विश्रांतीचे १०० मायक्रोसेकंद काढून टाकून पाहिले. धन भाग लगेच आला की नुकता उठू लागलेला स्पंद काही पेशींत जागीच मरतो आणि थ्रेशोल्ड वर जातो. विश्रांती राहू दे.

३० जानेवारी

सुरक्षिततेची बाजू मॉडेलच्या बाहेरची आहे, पण प्रवाहाची वरची मर्यादा तिथूनच येते, म्हणून इथे.

रॉबर्ट शॅनन यांचं १९९२ सालचं सूत्र सगळे वापरतात : पल्सच्या एका टप्प्यातला (ऋण किंवा धन भागातला) भार आणि भाराची घनता यांच्या लॉगरिदमची बेरीज एका ठरलेल्या आकड्याखाली ठेवा. तो आकडा बरेचदा १.८५ घेतात. १०० मायक्रोअँपियर, २०० मायक्रोसेकंद म्हणजे २० नॅनोकुलोम. सुईचं उघडं क्षेत्रफळ २००० चौरस मायक्रॉन धरलं तर घनता येते दर चौरस सेंटिमीटरला १००० मायक्रोकुलोम. भार मायक्रोकुलोममध्ये ०.०२, म्हणून लॉगरिदमची बेरीज ३ उणे १.७, म्हणजे १.३. सूत्र म्हणतं, खुशाल जा.

पण हे सूत्र मोठ्या इलेक्ट्रोडच्या प्रयोगांवर बेतलेलं आहे. सूक्ष्म इलेक्ट्रोडसाठी प्राण्यांच्या प्रयोगांतून वारंवार पुढे येणारी मर्यादा एका टप्प्याला सुमारे ४ नॅनोकुलोमची, आणि ती क्षेत्रफळाकडे बघत नाही. त्या हिशेबाने हाच पल्स पाचपट जास्त. माणसांवरच्या प्रयोगांत १०० मायक्रोअँपियरपर्यंत प्रवाह वापरला गेला आहे हेही खरं. नुकसान पल्सच्या संख्येवर, वारंवारितेवर आणि एकूण किती तास उद्दीपन चालतं यावरही अवलंबून असतं. आमच्या अहवालात शॅननचा आकडा एकटा छापायचा नाही, एवढं ठरवलं. शेजारी टप्प्यातला भार लिहायचा.

४ फेब्रुवारी

दोन सुया एकदम. बाईंचा मूळ प्रश्न हाच होता आणि १३ जानेवारीचं कागदावरचं गणित इथे कामी आलं.

४०० मायक्रॉनवरच्या दोन सुयांतून प्रत्येकी २० मायक्रोअँपियर ऋण. बरोबर मध्यावर प्रत्येकीमुळे उणे २६.५, मिळून उणे ५३ मिलिव्होल्ट. व्होल्टेज बघणारा म्हणेल की मध्ये जोरदार उद्दीपन आहे. प्रत्यक्षात त्या मध्यबिंदूतून सुयांना जोडणाऱ्या रेषेवरून जाणारा ॲक्सॉन दोन्ही सुयांकडून दाबला जातो, आणि त्या रेषेला आडवा जाणारा दोन्हींकडून उत्तेजित होतो. जागा तीच, विभव तोच, निकाल उलट. सिम्युलेशनमध्ये सरळ तंतू दोन्ही दिशांनी ठेवून पाहिले, अगदी तसंच आलं. एका वेळी अनेक सुया चालवून प्रवाह हवा तिथे वळवण्याची कल्पना आकर्षक आहे, पण प्रवाह वळवणं म्हणजे उद्दीपन वळवणं नव्हे.

सुया आळीपाळीने, थोड्या अंतराने चालवल्या तर क्षेत्रांची बेरीज होत नाही. तरी मिसळ उरतेच, कारण दोन्ही सुयांजवळून जाणारे तंतू दोन्हींना सामाईक असतात. ही मिसळ वर्तुळं शिवतात की नाही यावरून मोजता येत नाही. सामाईक पेशींचा वाटा थेट मोजावा लागतो. मॉडेलमध्ये ते सोपं आहे : पहिल्या सुईने फायर झालेल्या पेशींची यादी, दुसरीची यादी, आणि दोन्हींत किती जणी. बाईंना ड्रॉइंगवर लिहायला हाच आकडा द्यायचा, असं आज पक्कं झालं. तो अंतराबरोबर कमी होत जातो, पण एकदम शून्यावर कधी येत नाही, आणि वक्राचा तो लांबट शेपटाच डिझाइनला उपयोगी आहे.

११ फेब्रुवारी

डॉक्टर मंडळींकडून प्रश्न : “दोन सुयांच्या पेशी तीस टक्के सामाईक असतील तर पेशंटला दोन बोटं वेगळी वाटतील का?”

मॉडेल याचं उत्तर देत नाही आणि ते द्यायचा आव आणू नये. आम्ही पल्सनंतरचा पहिला मिलिसेकंद पाहतो. त्यानंतर फायर झालेल्या पेशी इतरांना चेतवतात, दाबणाऱ्या पेशीही जाग्या होतात, दर सेकंदाला शंभर पल्स येत राहतात. जाणीव त्या सगळ्याच्या पलीकडे आहे. ब्रिंडली आणि लुइन यांनी १९६८ साली दृष्टीच्या कॉर्टेक्सच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोड ठेवले, तेव्हा २.४ मिलिमीटर अंतरावरच्या दोन इलेक्ट्रोडचे प्रकाशबिंदू रुग्णाला सहज वेगळे ओळखता आले. ४०० मायक्रॉनवर आणि स्पर्शाच्या बाबतीत काय होतं, हे माणसाला विचारूनच कळतं. आम्ही इतकंच सांगू शकतो की कोणत्या जोड्या आधी विचारण्यासारख्या आहेत.

हे त्यांना जसंच्या तसं लिहून पाठवलं. उत्तर आलं : “मग त्या जोड्यांची यादी द्या.” हे आवडलं.

१७ फेब्रुवारी

जोड्यांची यादी आणि सामाईकतेचे वक्र दिले. प्रत्येक वक्राभोवती पट्टा आहे : वाहकता ०.२ ते ०.४ आणि पेशींची मांडणी बदलून येणारा. पट्टा रुंद आहे आणि तो मुद्दामच ठळक रंगात ठेवला आहे, म्हणजे मधल्या रेषेवरच नजर खिळणार नाही.

उरलेलं : या सगळ्या पेशींचे ॲक्सॉन जवळपासच संपतात. दूरच्या भागांतून कॉर्टेक्समध्ये येणारे आणि थॅलॅमसमधून (मेंदूच्या आतल्या, संवेदना कॉर्टेक्सकडे पाठवणाऱ्या भागातून) चढणारे तंतू मॉडेलमध्ये अजून नाहीत. सुईला ते स्वतःचे की परके हे कळत नाही, जवळून गेले की ती त्यांनाही फायर करणार. आधी थॅलॅमसचे घेतो, कारण त्यांची दिशा बरीचशी एकसारखी, खालून वर अशी असते, आणि दिशा ठरलेली असली की १३ जानेवारीचं गणित थेट लावून अंदाज आधी लिहून ठेवता येईल. रन नंतर.